आडनावाचा रकाना

नाव : वेनिंग.
आडनाव :
इथे संगणक अडला.
लाल चौकट. खाली सूचना : रकाना रिकामा सोडू नये.

मी म्हटलं, वडिलांचं काय?
म्हणाली, सुगियार्तो.
मग सुगियार्तो टाकू?
म्हणाली, ते त्यांचं नाव आहे.
त्यांना लागतं.

परदेशी विद्यार्थी विभाग, खिडकी क्रमांक तीन.
सव्वीस वर्षं मी या काचेमागे.
आडनाव ऐकलं की माणूस कळतो
अशी या शहराची समजूत :
गाव कळतं, आळी कळते,
चहा कुठल्या कपातून द्यायचा, तेही.
मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.
माझ्याच आडनावाने शिकवलं, चौथीत असताना.

शेवटी तिचंच नाव दोनदा लिहिलं.
वेनिंग वेनिंग.
यंत्राचं समाधान झालं.
ती वाचून हसली,
लांबून कुणी हाक मारतंय असं वाटतं, म्हणाली.

मग एका मंगळवारी बोलावलं. वाढदिवस.
अगं, फॉर्मवर तर मार्च होता!
तो सरकारचा, ती म्हणाली.
त्यांच्या जावात सात दिवसांचा आठवडा फिरतो
आणि त्याच्या आत पाच दिवसांचा, निराळ्या नावांचा.
मंगळवार आणि पोन अशी जोडी
पस्तिसाव्या दिवशी पुन्हा जुळते,
आणि माणूस पुन्हा जन्मतो.
आमच्यात अंगारकी असते तसं, मी म्हटलं.
तसं नव्हतं. पण तिने मान हलवली.

गोखलेनगर, तिसरा मजला, जमिनीवर चटई.
सुराबायाच्या दोघी, मकासरचा एक मुलगा,
खालची इस्त्रीवाली जनाबाई, तिचा नातू,
आणि मी, इस्त्रीचा शर्ट घालून उगाच.
मधोमध केळीच्या पानावर पिवळा भात,
हातभर उंच, टोकदार.
मूद म्हणावं तर वाटी कुठून आणायची एवढी?
आंबेमोहोर होता; त्यांचं वासाचं पान मिळालं नाही.
गवती चहा मंडईतला,
कुलिंजन रविवार पेठेत काष्ठौषधीवाल्याकडे,
त्याने विचारलं म्हणे, खोकला कुणाला झालाय?

मकासरच्या मुलाने हात पसरून दुवा मागितली.
मला फक्त एक शब्द कळला, सलामत.
मग तिने शेंडा कापला
आणि माझ्या पानात ठेवला.
वयाने मोठा, म्हणून.
एवढंच कारण.

शेवटी दोन वाट्या आल्या,
एक खीर पांढरी, एक कोल्हापुरी गुळाची तांबूस.
ही नावाची खीर, ती म्हणाली.
लहानपणी तिचं नाव दुसरं होतं, राजवाड्यातलं, भारी.
पोर सारखी तापाने फणफणायची.
आजोबा म्हणाले, नाव पेलवत नाहीये तिला.
खीर केली, शेजाऱ्यांना वाटली, नाव उतरवलं.
वेनिंग ठेवलं.
वेनिंग म्हणजे गाळ खाली बसलेलं पाणी.
आधीचं नाव आता घरात कुणी काढत नाही.

तेव्हा मी सांगितलं. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही,
तिथे मी के. डी. आहे.
माझ्याआधीचे दोघे जगले नाहीत.
म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवलं, केरावर,
आणि सुईणीने पाच पैशांना विकत घेऊन परत दिलं.
केरबा.
म्हणजे न्यायला आलेल्याने नाक मुरडून पुढे जावं.

मुली हसल्या नाहीत.
जनाबाई म्हणाली, माझा भाऊ धोंडू.
वेनिंगने विचारलं, मग ताप गेला?
हो, मी म्हटलं.
नाव उतरवता येतं गं आमच्यातही.
पुढचं बोललो नाही. भात निवत होता.

निघताना प्रत्येकाच्या हातात एक डबा.
याला काय म्हणतात?
बर्कात.
बरकत, जनाबाई म्हणाली, आणि पदराखाली घेतला.

घरी बायकोने विचारलं, कुणी दिलं?
वेनिंगने.
वेनिंग कोण?
तिलाही पुढचं हवं होतं, नावाच्या पुढचं.
मी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला.
बसच्या धक्क्यांनी भात एका बाजूला कलंडला होता,
वास मात्र गवती चहाचा.